एचएमआयवरचा (मशीनच्या ऑपरेटर स्क्रीनवरचा) दिवा नीट ब्लिंक होत नाही, मदत हवी आहे

पंपरूम_२: दोन दिवस यातच अडकलोय. पंप ट्रिप झाला (दोषामुळे आपोआप बंद पडला) की स्क्रीनवरचा दिवा लाल ब्लिंक व्हायला हवा. १ हर्ट्झचा क्लॉक बिट (सेकंदात एकदा आपोआप चालू-बंद होणारा) आणि ट्रिपचा बिट सिरीजमध्ये घेऊन दिव्याला दिलाय. दोन-तीनदा लुकलुकतो, मग बराच वेळ नुसता लाल, नाहीतर नुसता बंद. चालू प्रोग्रॅम ऑनलाइन पाहिला तर बिट व्यवस्थित चालू-बंद होतोय. उद्या मशीन द्यायचंय, लवकर सांगा.

जुना_वायरमन: पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) कोणता? पॅनेल कोणतं? काहीच लिहिलेलं नाही.

पंपरूम_२: सीमेन्सचा एस७-१२००, बेसिक पॅनेल, प्रोग्रॅमिंगला टीआयए पोर्टल. पण बिट येतोय म्हटलं ना, मग त्याने काय फरक पडतो?

लॅडरवीर: क्लॉक बिटच्या नादी लागू नका. ५०० मिलिसेकंदांचे दोन टीऑन (ठरलेल्या वेळानंतर चालू होणारे) टाइमर एकमेकांना जोडा. मी सगळ्या मशीनवर हेच करतो. मित्सुबिशी एफएक्सवर एम८०१३ आणि डेल्टावर एम१०१३ हा असाच क्लॉक बिट आयता मिळतो, तरी मी टाइमरच लावतो. कुठल्याही पीएलसीवर चालतं.

जुना_वायरमन: बिट बरोबर आहे हे ते दोनदा सांगून झाले. टाइमरने तोच बिट पुन्हा तयार होणार, पुढे काय?

स्कॅनटाइम: क्लॉक बाइट (क्लॉक बिट ज्यात असतात तो) एमबी० आहे का? मग प्रोग्रॅममध्ये कुठे एमडब्ल्यू० वर (त्यात एमबी०ही येतो) लिहीत नाही ना, ते आधी बघा. मला यानेच एकदा रात्रभर जागवलं होतं.

पंपरूम_२: एमबी०च आहे, बिट एम०.५. त्यावर कुठेही लिहीत नाही.

कंट्रोलरूम: एचएमआय टॅग (दिव्याला जोडलेला बिट) उघडा आणि ॲक्विझिशन सायकल (पॅनेल तो किती वेळाने वाचतं) बघा. हात लावला नसेल तर १ सेकंद असेल. तुमचा बिटही सेकंदात एकदाच चालू-बंद होतो, म्हणजे पॅनेल दर वेळी जवळपास त्याच क्षणी बिट वाचतं. तो क्षण 'चालू'त पडला तर दिवा लालच, 'बंद'मध्ये पडला तर बंदच. दोन्ही घड्याळं हळूहळू सरकतात, आणि वाचन बरोबर बदलाच्या काठावर आलं की दोन-तीनदा लुकलुकतं. दोष ना पीएलसीचा, ना पॅनेलचा.

सायकल १०० मिलिसेकंद केलीत तर बरंच सुधारेल. पण खरा उपाय म्हणजे क्लॉक बिट काढून टाका. टॅगला नुसता ट्रिपचा बिट द्या. दिव्याच्या ॲनिमेशनमध्ये अपिअरन्स घ्या, मूल्य १ ला लाल रंग आणि फ्लॅशिंग 'येस'. मग पॅनेल स्वतःच लुकलुकवतं.

लॅडरवीर: आणि मशीनवरचा टॉवर लॅम्प? तो पीएलसीच्या तालावर, स्क्रीन स्वतःच्या तालावर. दोन्ही एकत्र ब्लिंक व्हायला हवेत.

कंट्रोलरूम: पीएलसीतून दिलंत तरी स्क्रीन मागेपुढे होणारच, मध्ये कम्युनिकेशन आहे. ऑपरेटरला ट्रिप कळायला हवी, ताल जुळला नाही तरी चालतं.

सेफ्टी_फर्स्ट: रंगाचा आणि वेगाचाही विचार करा. आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकात सावकाश ब्लिंक ०.४ ते ०.८ हर्ट्झ आणि नेहमीचा १.४ ते २.८ हर्ट्झ दिलाय. तुमचा १ हर्ट्झ दोन्हींत बसत नाही. आणि सगळंच ब्लिंक करू नका. दहा दिवे एकदम लुकलुकले तर माणूस कुठे बघणार? ऑपरेटरने बटण दाबून ॲक्नॉलेज केल्यावर (अलार्म पाहिला असं कळवल्यावर) दिवा स्थिर लाल राहू द्या.

पंपरूम_२: कंट्रोलरूम, जमलं! सायकल खरंच १ सेकंद होती. अपिअरन्सने एकदम नीट ब्लिंक होतोय. मनापासून आभार. आता टाकीच्या लो लेव्हलचा दिवा कधीकधी लागतच नाही, लॉगमध्ये मात्र एंट्री दिसते.

जुना_वायरमन: लॉग पीएलसीतून येतो का? फ्लोट (पाण्याच्या पातळीचा स्विच) किती वेळ चालू राहतो?

पंपरूम_२: हो, पीएलसीतूनच. पाणी हलतं तेव्हा क्षणभरच.

कंट्रोलरूम: मग दोन वाचनांच्या मध्ये बिट येऊन जातो, पॅनेलला दिसतच नाही. पीएलसीत लॅच करा (एकदा आलेला बिट धरून ठेवा), ॲक्नॉलेजने रीसेट. सेट रीसेटच्या नंतरच्या नेटवर्कमध्ये (प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळीत) ठेवा, शेवटी लिहिलेलंच टिकतं, म्हणजे फ्लोट अजून चालू असेल तर बटण दाबूनही बिट पुसला जाणार नाही.

लॅडरवीर: फ्लोटला ३ सेकंदांचा टीऑन लावा, पाण्याच्या हेलकाव्याने खोटा अलार्मच येणार नाही.

कंट्रोलरूम: हे मात्र पटलं. आधी टीऑन, मग लॅच.