फेलोशिपच्या निबंधात आजीच्या विड्या लिहायच्या का?

विडीवालीची_नात
आधीच सांगते, पोस्ट मोठी आहे आणि चिडून लिहिलीय.

मी सोलापूरजवळ कुंभारीच्या घरकुलात राहते, अक्कलकोट रोडला एका टॉवेल युनिटच्या अकाउंट्समध्ये आहे, एमए इकॉनॉमिक्स झालंय. कॉलेजच्या सरांनी चेवनिंगचा फॉर्म भर म्हणून मागं लागून लागून तयार केलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप आहे, १९८३ पासून चालू, एक वर्षाचं मास्टर्स, फी, विमान, राहणं सगळं तेच देतात. भारी वाटलं. निबंधाला मदत पाहिजे म्हणून एका कन्सल्टंटकडं गेले. त्यानं विचारलं घरी कोण कोण असतं, मी म्हटलं आई, भाऊ आणि आजी, आजी विड्या वळायची. बस्स, त्याचे डोळेच चमकले. म्हणे हे पहिल्या ओळीत घ्या. आजी कंदिलाच्या उजेडात विड्या वळायची आणि तुम्ही शेजारी बसून अभ्यास करायचात असं लिहू. म्हटलं अहो, आमच्याकडे ट्यूबलाईट होती. तर म्हणे कंदील चांगला वाटतो.

घरी येऊन आजीला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का. आम्ही घरी तेलुगूच बोलतो. ती म्हणाली, त्या इंग्रजांना विड्या ओढायच्यात का?

माझं मत असं झालंय की ह्या फेलोशिपा आपल्यासाठी नाहीतच. दिल्ली-मुंबईची पोरं लीडरशिप दाखवतात, नेटवर्किंग दाखवतात, आणि आपण काय दाखवायचं तर गरिबी, ती पण सजवून. मी फॉर्म भरणार नाही. पटत नसेल तर सांगा, पण मोटिव्हेशनल बोलू नका प्लीज.

सात_रस्ता
कंदील 😂😂 ताई तुमचा आणि माझा कन्सल्टंट एकच दिसतोय. माझा एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा निबंध, त्यानं २५ हजारात लिहून दिला, वाचला तर आत माझी आजी विड्या वळते. माझी आजी झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती हो, रिटायर होऊन पेन्शन खातीय. विचारलं तर म्हणे सोलापूर म्हटल्यावर विडी किंवा चादर लागते. निदान चादर तरी टाकायची.

कडक_भाकरी
शंभर टक्के सहमत. हे सगळं लॉटरी आहे आणि तिकिटाचे पैसे आपण भरायचे. आयईएलटीएस म्हणजे इंग्रजीची परीक्षा, तिचे सतरा-अठरा हजार गेले, पुण्याला दोन चकरा, पासपोर्टचे १५००, मार्कशीटा काढायला युनिव्हर्सिटीत हेलपाटे वेगळे. माझ्या भावानं दीड वर्ष ह्यात घातलं, शेवटी रिजेक्ट, आणि रिजेक्ट का झालं ते पण सांगत नाहीत. तेवढ्या वेळात बँकिंगची परीक्षा दिली असती तर आज चिकटला असता कुठंतरी. हे शौक घरात पगार येणाऱ्यांचे आहेत.

दोन_देश_फिरून
मी उलट बाजूनं बोलतो. मी जुळे सोलापूरचा, इरॅस्मस मुंडस करून आलोय. युरोपियन युनियनची आहे, दोन वर्षांत किमान दोन देशांत शिकावं लागतं, फी माफ आणि महिन्याला १४०० युरो. नोकरीच्या अनुभवाची अट नाही, परत यायची अट नाही. मी ज्या कोर्सला होतो तिथं आयईएलटीएस पण लागली नाही, शिक्षण इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र चाललं. कडक_भाकरी, तुमच्या भावानं अठरा हजार घालायच्या आधी हे कुणी सांगितलं नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. माहितीच पोचत नाही, आणि मग आपण म्हणतो आपल्यासाठी नाहीच.

अजून एक. अमेरिकेत शिकायची फुलब्राइट-नेहरू स्कॉलरशिप आहे, तिच्या मास्टर्सला तीन वर्षांचं बीकॉम-बीएस्सी एकटं चालत नाही, चार वर्षांची डिग्री पाहिजे नाहीतर वर पूर्ण झालेलं मास्टर्स किंवा पूर्णवेळ पीजी डिप्लोमा. आपल्याकडची किती पोरं निबंध लिहून बसल्यावर हे वाचतात.

विडीवालीची_नात, कन्सल्टंट सोड. कंदील लिहिलास आणि इंटरव्ह्यूत समोरच्यानं आजीबद्दल दुसरा प्रश्न विचारला की तू अडकलीस. पण आजीला गाळू पण नको.

कडक_भाकरी
तुम्हाला मिळाली म्हणून गोड लागतंय. ज्यांना नाही मिळाली ते कुठं सेमिनार घेतात?

दोन_देश_फिरून
मला पण दोनदा नाही मिळाली. तिसऱ्यांदा मिळाली. पण हो, माझ्या वडिलांचा पगार चालू होता, ते खोटं कशाला बोलू.

होटगी_रोडचा_काका
मला वेगळंच खटकतं. चेवनिंगवाल्यांची अट आहे की कोर्स संपल्यावर मायदेशी येऊन दोन वर्षं राहायचं. फुलब्राइटचं पण तसंच, अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर गेलं की नंतर दोन वर्षं घरी. चांगली अट आहे म्हणे. अहो पण मायदेश म्हणजे कुठं? सोलापूर का? आमच्या सोसायटीतली एक मुलगी अशीच परत आली आणि थेट बंगलोरला उतरली. अट पाळली, आणि आईवडील इथं दोघंच. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून पुण्याला पाठवलेलं पोरगं परत येत नाही, आता लंडनला पाठवायचं आणि यायची वाट बघायची. पोरं पाठवायची फॅक्टरी झालंय गाव.

पूर्व_भाग
काका, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, जाऊन या एकदा. सोलापुरात जन्मले, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, बाकीचे आले, हे आलेच नाहीत, १९४२ ला तिथंच वारले. बत्तीस वय. तेव्हा कोणी म्हणालं का पोरगं परत आलं नाही? उलट आपणच चिनी पाहुण्यांना दाखवत फिरतो.

होटगी_रोडचा_काका
कुणाची तुलना कुणाशी करायलाय बे! ते युद्धात जखमींची सेवा करायला गेले होते, महिन्याचा स्टायपेंड घेऊन पबमध्ये फोटो काढायला नव्हते गेले.

पूर्व_भाग
पबमध्ये जाऊ द्या की हो, वर्षभर टॉवेलचे हिशोब केलेत पोरीनं.

जुना_मास्तर
परत येण्याच्या अटीवरून एक जुनी गोष्ट आठवली. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि करार असा की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. बाबासाहेब करार पाळायला १९१७ मध्ये बडोद्याला गेले. काय झालं? ऑफिसात शिपाई लांबून फायली टाकायचे, राहायला जागा कोणी देईना, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. काही दिवसांत बडोदा सोडावं लागलं. तर काका, परत येण्याची अट लिहिणं सोपं असतं, परत आलेल्याला ठेवून घ्यायची अट कुठल्याच करारात नसते. सोलापूरनं परत आलेल्या पोरांसाठी काय ठेवलंय ते आधी सांगा.

होटगी_रोडचा_काका
मास्तर, मुद्दा मान्य. पण मग पाठवूच नका म्हणतोय मी, त्याचं काय?

जुना_मास्तर
ते मान्य नाही.

निळा_शर्ट
बाबासाहेबांचा विषय निघाला म्हणून. एससी-नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत, युनिव्हर्सिटी क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये पाहिजे. इथं आजीची स्टोरी कुणी विचारत नाही, ऑफर लेटर बघतात. मला हे जास्त स्वच्छ वाटतं. पण इथली मजा वेगळी. माझं नाव यादीत आलं, युनिव्हर्सिटी म्हणते डिपॉझिट भरा नाहीतर जागा गेली, आणि ऑफिसात साहेब म्हणतात फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठं ते साहेबांनाच माहिती. मामानं सोनं ठेवून डिपॉझिट भरलं. पैसे नंतर आले, खोटं नाही बोलणार, पण मामीनं दिवाळी बिन मंगळसूत्राची काढली. तर ताई, निबंध लिहून मिळणारी वाईट आणि सरकारी चांगली असं पण काही नाही.

आणि तुम्ही पद्मशाली असाल तर एसबीसीत, म्हणजे विशेष मागास प्रवर्गात येता ना, तुमच्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी आहे, बघून ठेवा.

विडीवालीची_नात
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. बघते. मामींचं वाचून कसंतरीच झालं.

पण माझा मुद्दा तसाच आहे. लीडरशिपचं उदाहरण द्या म्हणतात. कॉलेजात मी कधी सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी पण नव्हते. एनएसएसच्या कॅम्पला गेले नाही कारण त्या आठवड्यात आईला ताप होता. काय लिहू?

गोदूताई_वसाहत
मी पण कुंभारीचीच आहे गं. तुला एक विचारते. आपलं घर कसं मिळालं?

आपल्या आज्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, लाल झेंडे घेऊन कलेक्टर ऑफिससमोर बसल्या, माकपचे नेते आडम मास्तर यांच्या मागं. विडी कामगार बायकांची १० हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन चाव्या देऊन गेले. माझी आजी त्या दिवशी नवी साडी नेसून गेली होती, उन्हात चार तास. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, हातात कात्री, पत्र्याचा साचा ठेवून एकेक पान कापायचं, आणि हजार विड्या नेल्या की चेकर त्यातल्या छाट म्हणून मूठभर बाजूला काढणार. त्या बायकांनी चेकरशी भांडून भांडून भांडायला शिकलं आणि मग सरकारशी भांडल्या. ह्याला लीडरशिप नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? कन्सल्टंटला त्यात कंदील दिसला, तुला पण गरिबीच दिसली, ह्याचं मला वाईट वाटलं.

कडक_भाकरी
पण ताई, मोर्चाला आजी गेली होती, नात नाही. फॉर्म नातीचा आहे. आजीच्या मोर्चावर नातीला लंडन, हे तर घराणेशाहीच झाली की 😄

गोदूताई_वसाहत
😄 बरोबर पकडलंत. पण ही बया स्वतः काय करते ते तिनं इथं लिहिलंच नाही. मी तिला ओळखते. लिही गं.

विडीवालीची_नात
ते काही विशेष नाही. रविवारी दारात टेबल टाकून बसते, वसाहतीतल्या बायकांचे पीएफचे फॉर्म भरून देते. बऱ्याच जणींचं आधारवर नाव वेगळं, कारखान्याच्या कार्डवर वेगळं. तेलुगू आडनाव मराठी माणसानं लिहिलं की एक होतं आणि इंग्रजीत टाईप केलं की तिसरंच. मग क्लेम रिजेक्ट. मी दुरुस्तीचं जॉइंट डिक्लेरेशन भरते, कारखान्याची सही आणायला पाठवते, सही नाही मिळाली तर स्वतः जाते. एका आजीला एकच नाव चार स्पेलिंगात होतं. चार वर्षं झाली, वहीत सगळ्यांची नोंद आहे. त्यात लीडरशिप कसली, क्लार्कचं काम आहे.

दोन_देश_फिरून
अगं!!! हेच लिही. दुसरं काहीच लिहू नको. चार स्पेलिंगांपासून सुरू कर.

सात_रस्ता
त्या कन्सल्टंटला हे सांगू नका फक्त, उद्या माझ्या एसओपीत मी पण पीएफ भरायला लागेन.

कडक_भाकरी
मी फेलोशिपच्या विरोधातच आहे अजून. हजारोतून मूठभर निवडणार, बाकीच्यांनी वर्ष घालवून तोंड पाडून बसायचं, हे बदलत नाही. तुम्ही भरा, मिळाली तर पेढे द्या. पण नोकरी सोडून तयारी करू नका एवढं ऐका. चेवनिंगला दोन वर्षांचा अनुभव म्हणजे २८०० तास मोजतात, तुमची आठ तासांची ड्युटी आठवड्याला सहा दिवस असेल तर साठ आठवड्यांच्या आतच तेवढे भरतात, म्हणजे ती अट तुमची कधीच पूर्ण झालीय. हे मी भावाच्या नादानं शिकलो.

होटगी_रोडचा_काका
आणि ही पोरगी गेल्यावर त्या बायकांचे फॉर्म कोण भरणार? हे नाही कुणी विचारलं. माझा मुद्दा हाच होता पहिल्यापासून.

विडीवालीची_नात
काका, हा प्रश्न मला पण आहे. खरं सांगू, चिडण्याचं निम्मं कारण तेच होतं, कन्सल्टंट नुसता निमित्त. एका वर्षासाठी जाऊन येईन म्हणते, पण वही कुणाला द्यायची ते कळत नाही. भाऊ म्हणतो मी भरतो, त्याला स्वतःचा फॉर्म धड भरता येत नाही.

होटगी_रोडचा_काका
मी रिटायर्ड हेडक्लार्क आहे. बघू.

मंगळवार_पेठ
विषयाला सोडून विचारतो, सॉरी. ताई रविवारी किती वाजता बसता? आईचा पीएफ तीन वर्षं अडकलाय, आधारवर आणि कार्डवर नाव वेगळं आहे. आम्ही वसाहतीतले नाही, चालेल का?

विडीवालीची_नात
चालेल की. ११ ते १. पाणी यायचा दिवस असला तर १२ नंतर या. आधार, बँकेचं पासबुक आणि जुनं विडी कार्ड आणा, फाटलेलं असलं तरी आणा. झेरॉक्स तिकडूनच काढून या, इथलं मशीन बंद आहे.