न्यूरोफीडबॅक: ४० सेशन्सचे पैसे भरावेत का?

मीनल_ठाणे:
लेक ९ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) निदान झालंय, पण औषधाला सासूबाईंचा ठाम विरोध. एका सेंटरने न्यूरोफीडबॅक सुचवलंय. डोक्याला सेन्सर लावून गेम खेळायचा, लक्ष लागलं की स्क्रीनवरचं रॉकेट वर जातं. एकूण ४० सेशन्स, एकाचे दीड हजार. म्हणजे ६० हजार! कोणी केलंय का? की म्यूजसारखा मेंदूचे सिग्नल टिपणारा हेडबँड आणून घरीच करावं?

सुगरण:
आम्ही लेकीला नेलं होतं, ३० सेशन्स. आधी वाटलं, फरक पडतोय. एक दिवस रिक्षात तिनेच गुपित फोडलं, "आई, दात आवळले ना, की रॉकेट सुर्रकन वर जातं." तिथल्या मॅडमना पत्ताच नव्हता.

पंक्या:
वाचतोय. आमच्याही घरी हाच घोळ.

तारेवरचा:
सुगरणताई, लेक हुशार आहे तुमची! डोक्याच्या त्वचेवर मेंदूचे सिग्नल येतात जेमतेम दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचे. जबड्याच्या स्नायूंचे त्याहून कितीतरी मोठे, आणि ते नेमके मेंदूच्या जलद लहरींच्या, म्हणजे बीटा पट्ट्यात मिसळतात. संथ लहरी म्हणजे थीटा (४ ते ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) कमी, बीटा (१३ च्या वर) जास्त, यावरच रॉकेट उडत असेल तर दात आवळूनही उडणार. कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्हीही आठवडाभर असेच फसलो होतो.

मूळ कल्पना थाप नाही. १९६० च्या दशकात स्टर्मन या अमेरिकन संशोधकांनी मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची लय वाढवायला शिकवलं. पुढे रॉकेटच्या इंधनातलं, फिट्स आणणारं एक रसायन दिल्यावर त्याच मांजरांनी फिट्सना जास्त दाद दिली नाही. (इथेही रॉकेटच.) पण ती लय मिळते डोक्याच्या मधोमध. म्यूजचे चार सेन्सर कपाळावर आणि कानांमागे, त्यामुळे ते काम त्याच्याकडून होणार नाही.

मीनलताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र २०२१ च्या अमेरिकन अभ्यासात आहे. ७ ते १० वयाची एडीएचडीची १४२ मुलं, ३८ सेशन्स. काहींना स्वतःच्या मेंदूचा फीडबॅक, बाकीच्यांना दुसऱ्याच मुलाच्या रेकॉर्डिंगचा. कोणाला काय मिळतंय हे पालकांनाही ठाऊक नव्हतं. सुधारणा दोन्हीकडे झाली, आणि जवळजवळ सारखीच. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. सेंटरवाल्यांना एवढंच म्हणा, कच्चा सिग्नल दाखवा आणि जबड्याची खळबळ कशी गाळता ते सांगा.

मीनल_ठाणे:
काल ट्रायलला गेलो. कच्चा सिग्नल मागितला, तर "ते पालकांना कळत नाही" म्हणाले. लेकाला मी काही सांगितलं नव्हतं, तरी तिसऱ्याच मिनिटाला त्याचा जबडा घट्ट. पैसे भरले नाहीत. गुरुवारी मुलांच्या सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जातोय. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, मलाच विचारायचंय त्यांना.