मदत हवी आहे: बेळगावहून गाडीने नेपाळ-भूतान, कार्नेट लागतं का?

शहापूरकर: तातडीचं आहे. आम्ही चौघं मित्र गाडीने नेपाळ आणि तिथून भूतानला जाणार. एक मित्र म्हणतो, कार्नेट (म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद) नसेल तर सोनौलीच्या नेपाळ सीमेवरून माघारी लावतात. दुसरा म्हणतो, काही लागत नाही. एजंटाने कार्नेटची अनामत एवढी सांगितली की ती भरली तर पेट्रोलला पैसे उरत नाहीत. ज्यांनी स्वतः गाडी नेली आहे त्यांनीच सांगा.

निपाणीकर: कधी निघताय? गाडी कुणाच्या नावावर? कुठून आत, कुठून बाहेर? एवढं कळल्याशिवाय काय सांगायचं?

खानापूरचा गडी: गाडीचा नाद सोडा, बुलेट घ्या. मी लडाख केलंय. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, मग डोकं दुखत नाही.

शहापूरकर: लडाख नाही हो! दिवाळीनंतर निघतोय. सोनौलीहून आत, पोखरा, काठमांडू, काकडभिट्ट्याला बाहेर, मग जयगावहून भूतान. क्रेटा आहे, एमएच-०९ पासिंग.

टिळकवाडी काका: एमएच-०९ गाडी बेळगावात ठेवलीय? वर्ष होऊन गेलं असेल तर नव्याने केए-२२ पासिंग करावं लागतं, रोड टॅक्सही इथे भरावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांना वाटेत अडवलं होतं. सीमाभागातल्या माणसानेच दोन्हीकडे का भरायचं?

शहापूरकर: काका, ती कोल्हापूरच्या मेव्हण्यांची आहे, मागून आणणार आहे. माझा प्रश्न कार्नेटचा आहे.

निपाणीकर: अहो, मग हेच आधी सांगायचं की! नेपाळ आणि भूतान, दोन्हीकडे आपल्या गाडीला कार्नेट लागत नाही. नेपाळात भन्सार भरायचा, म्हणजे तिथल्या कस्टमचा दिवसाच्या हिशोबाचा परवाना. वर्षात ३० दिवसच मिळतो. मी गेलो तेव्हा खिडकीतला माणूस आरसीवरचा चासी नंबर एकेक अक्षर वाचून वहीत उतरवत होता. आमच्या आरसीवरचा एक आकडा घासून गेलेला, त्यावर अर्धा तास गेला. गाडी मित्राची होती म्हणून त्याचं संमतीपत्रही मागितलं. मेव्हणे सोबत नसतील तर ते आधी करून घ्या. बाहेर पडताना भन्सारचा कागद जमा करायला विसरू नका.

दूरचा प्रवासी: चुकीचा सल्ला देऊ नका. कार्नेट काढून ठेवलेलं केव्हाही बरं. मुंबईला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मी काढलं होतं, बांगलादेशात त्यावरच शिरलो.

निपाणीकर: बांगलादेशला लागतंच. हा माणूस बांगलादेशला चाललाय का? ज्याला गरज नाही त्याची अनामत कशाला अडकवायची?

दूरचा प्रवासी: ऐनवेळी बेत बदलला तर?

वडगावची वहिनी: भांडू नका. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नक्की न्या. कुंदा स्टीलच्या डब्यात घट्ट भरा, प्लास्टिकमध्ये वास लागतो.

शहापूरकर: वहिनी, डबा पक्का. भूतानचं कुणी सांगेल का? तिघांकडे पासपोर्ट आहेत, चौथ्याकडे फक्त आधार.

निपाणीकर: भूतानला आधार चालत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र हवं, शोधायला लावा त्याला आजच. भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये विकास शुल्क आहे. चौघं पाच रात्री राहिलात तर २४,००० होतात. गाडीचं वेगळं, ते जयगावच्या पलीकडे भूतानच्या फुंटशोलिंगला विचारा. विमा तिकडेही लागू राहावा म्हणून त्यात नेपाळ-भूतानचं जिओग्राफिकल एक्स्टेंशन घालून घ्या, साध्या पॉलिसीत ते नसतं. आणि गाडीवर कर्ज आहे का?

शहापूरकर: आत्ताच मेव्हण्यांना फोन केला. १४ हप्ते बाकी आहेत. म्हणजे अडकलो का?

निपाणीकर: अडकला नाहीत. बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. त्यात दोन्ही देशांची नावं, इंजिन आणि चासी नंबर, चालवणाऱ्याचं नाव असू द्या.

शहापूरकर: पत्र बेळगावच्या शाखेत मिळेल की कोल्हापूरला जावं लागेल?

निपाणीकर: कर्ज जिथलं तिथेच. मेव्हण्यांना घेऊनच जा, सही त्यांची लागणार.

शहापूरकर: उद्या सकाळी सहाला कोल्हापूरला निघतो.