खुकरी, किरपाण आणि घरबसल्या कोर्ट मार्शल

दर्याकिनारी:
काल 9 डिसेंबर, 1971 च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली तो दिवस. त्यानिमित्त वैशाखवणवा यांनी लिहिलं, "खुकरी कप्तानाच्या बेफिकिरीनं बुडाली. पाणबुडी आहे हे माहीत असून बोट रमतगमत हाकली, आणि बुडताना सिगारेट ओढली म्हणून महावीरचक्र." वर त्याला टाळ्याही पडल्या. डोकं फिरलं, म्हणून हे सविस्तर.

खुकरी, किरपाण, कुठार या तिन्ही ब्रिटिश बनावटीच्या टाइप 14 फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ बोटी. पाणबुड्या मारायच्या एवढ्याच कामासाठी स्वस्तात बांधलेल्या, बोट ढकलणारा पंखासुद्धा एकच. खुकरी पाण्यात उतरली 1956 साली. समोर पाकिस्तानची पाणबुडी हंगोर, फ्रान्समध्ये बांधलेली डाफने जातीची, ताफ्यात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. तिला बोटीची चाहूल आधी लागणार, बोटीला तिची नंतर. तरी पाठवावं लागलं, कारण दीवच्या बाजूला पाणबुडी असल्याचं तिच्या बिनतारी संदेशांवरून कळलं होतं. कुठार बॉयलर बिघडल्यामुळे बाद. राहिल्या दोन.

आता ते "रमतगमत". लेफ्टनंट जैन यांनी सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राचा, पल्ला वाढवणारं एक उपकरण केलं होतं, ते खुकरीवर बसवलेलं. बोट जोरात गेली की तिच्याच आवाजात सोनारला काही ऐकू येत नाही, म्हणून वेग बारा-तेरा नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. जैनही बोटीबरोबरच गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अंगावरचं लाइफजॅकेट एका नाविकाला दिलं, हे वाचलेल्यांनीच सांगितलंय. 18 अधिकारी, 176 नाविक. टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे आकडे एकदा मोठ्यानं म्हणावेत.

वैशाखवणवा:
आकडे मलाही पाठ आहेत. पण तुम्हीच म्हणता हंगोरचे कान तिखट. मग त्याच पाण्यात, भर युद्धात, हळूहळू फेऱ्या मारत नव्या यंत्राची परीक्षा? बोटीवर अडीचशेच्या वर माणसं होती. निर्णय एकट्या मुल्लांचा नसेल, वरच्यांचाही असेल, चला तेवढं दिलं तुम्हाला. पण चुकीला चूक म्हटलं की लगेच देशद्रोह, हे काय?

दर्याकिनारी:
देशद्रोह मी कुठं म्हटलं? बेफिकीर शब्दाबद्दल बोलतोय. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीविरोधी हत्यारं काय तलावात तपासून आणली होती? अटलांटिकमध्ये काफिल्यांबरोबर जाता जाताच हेजहॉग हे पाणबुडीवर बॉम्ब फेकणारं हत्यार सुधारत गेलं.

गिरगावकर आप्पा:
मुल्लांवर भांडून झालं असेल तर किरपाणचं बोला. खुकरी बुडाल्यावर ती का निघून गेली? माझ्या आत्याचा धाकटा दीर खुकरीवर होता. रात्री पावणेनऊच्या सुमारास टॉर्पेडो लागला, दोनेक मिनिटांत बोट गेली. त्यानंतर माणसं रात्रभर पाण्यात. आत्याच्या घरी तार आली ती "बेपत्ता" अशी. त्याची आई पुढं कित्येक वर्षं जेवायला बसण्याआधी एक पान जास्त घ्यायची. वाढायची नाही, नुसतं मांडायची. कुणी उचललं की तिथंच रडारड. तिला सांगा तुमचे नॉट आणि सोनार.

दर्याकिनारी:
आप्पा, त्या माउलीपुढं मी काय बोलणार. पण किरपाणवर पळपुटेपणाचा शिक्का नको. हंगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणवरच सोडलेला, तो फुटला नाही म्हणून ती वाचली. खुकरी गेल्यावर तिच्यावर पुन्हा सोडला. अशा वेळी इंजिन थांबवून माणसं उचलायची? 22 सप्टेंबर 1914 ला ब्रिटिशांची आबुकिर बुडाली. तिची माणसं उचलायला होग आणि क्रेसी थांबल्या. त्याच जर्मन पाणबुडीनं, यू-9 नं, त्याही बुडवल्या. चौदाशेहून जास्त माणसं गेली. खुकरी बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी मदतीला बोट आली तेव्हा तिचे 67 जण जिवंत मिळाले. किरपाण थांबली असती तर कदाचित दोन्ही बोटींची माणसं शोधावी लागली असती.

गिरगावकर आप्पा:
बरं बाबा, आबुकिर मान्य. एकीपायी दुसरी बुडवू नये, एवढं आमच्याही डोक्यात शिरतं. पण थांबू नये हे पटणं वेगळं आणि एकही तराफा न टाकता गेली हे पटणं वेगळं.

वैशाखवणवा:
तराफे टाकले नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? आत्यानं? आत्या किरपाणवर होती का?

गिरगावकर आप्पा:
तोंड सांभाळून. मेलेल्या माणसाच्या घरचं बोलतोय मी.

मधुरा_ठाणे:
भांडू नका ना. आम्ही दिवाळीत दीवला खुकरी बघून आलो. इतकी वर्षं समुद्रात होती, पण अगदी नव्यासारखी ठेवलीये!

दर्याकिनारी:
ताई, ती दुसरी खुकरी. माझगाव डॉकची, 1989 ची कॉर्व्हेट, म्हणजे छोटी लढाऊ बोट. 2021 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात दीवला दिली. बुडालेली अजून तळाशीच आहे. चक्रतीर्थजवळच्या स्मारकात काचेत जी छोटी प्रतिकृती आहे, ती तिची.

मधुरा_ठाणे:
अय्या. मुलांना मी चुकीचं सांगितलं मग. पण जहाज जपलं तर आहे त्यांनी.

लोअरपरळ:
हेच! एवढ्याशा दीवला जमतं, आणि महाराष्ट्राला विक्रांत ही विमानवाहू बोट जपता आली नाही. 2014 ला साठ कोटींना भंगारात. पत्र्याची पुढं मोटरसायकल निघाली आणि लोकांनी अभिमानानं विकत घेतली. शाळेत असताना गोदीबाहेर उन्हात रांग लावून तिच्या डेकवर गेलो होतो, आता पोराला काय दाखवू? पेट्रोलची टाकी?

वैशाखवणवा:
चला, निघाली विक्रांत. तळाला गंज लागला होता, दुरुस्तीचा खर्च कोण देणार होतं? तुम्ही वर्गणी काढली होती?

लोअरपरळ:
पुतळ्यांना मिळतात तेव्हा कुणी वर्गणी विचारत नाही. आणि विषयाला धरूनच आहे. 71 ला विक्रांत पश्चिमेला असती तर तिच्या अलीझे विमानांनी हंगोर हुडकली असती. खुकरी वाचली असती.

दर्याकिनारी:
विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला, पूर्ण वेग घेता येत नव्हता. म्हणून तर बंगालच्या उपसागरात ठेवली. तिथं तिनं चितगाव आणि कॉक्स बझारवर काम केलंच. पश्चिमेला आणली असती तर हंगोरला फ्रिगेटऐवजी विमानवाहू बोट मिळाली असती.

लोअरपरळ:
सगळ्या बोटींचे बॉयलरच कसे बिघडतात हो तुमच्या गोष्टीत?

दर्याकिनारी:
जुन्या ब्रिटिश बोटी मुंबईच्या दमट हवेत चालवून बघा, मग विचारा.

गिरगावकर आप्पा:
विक्रांतचा वेगळा धागा काढा. इथं माणसं बुडालीत.

लोअरपरळ:
काढलाय कालच, आप्पा. पहिला प्रतिसाद तुमचाच आहे, आणि त्यात तुम्ही किरपाणवर लिहिलंय.