टोपिरामेट सुरू केल्यावर बोटांना मुंग्या, सोड्याची चव गेली : चालू ठेवायची की थांबवायची?

कोपरखैरणे_ताई

बहिणीसाठी विचारते आहे. वय ३१, वजन ५८ किलो. महिन्यातले आठ-नऊ दिवस अर्धशिशी, आणि त्याआधी वीस मिनिटं डोळ्यांसमोर चकाकणाऱ्या नागमोडी रेषा. वाशीच्या न्यूरोलॉजिस्टनी अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून टोपिरामेट दिली आहे, ही गोळी फिटसाठीही देतात. पहिला आठवडा रात्री २५ मिग्रॅ, दुसरा सकाळ-रात्र २५, तिसरा सकाळी २५ आणि रात्री ५०, चौथ्यापासून ५०-५०. डोकं चढलंच तर तेवढ्यापुरती रिझाट्रिप्टान १० मिग्रॅ. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आधीपासून चालू आहे.

आज अकरावा दिवस. बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, प्यायचा बाटलीतला सोडा अगदी बेचव लागतो, बोलताना नेहमीचा शब्द मध्येच सापडत नाही. महापेला ऑफिस आहे, जाणं-येणं स्कूटीवरून. डिसेंबरमध्ये लग्न आहे. गोळी बंद करावी का? आणि कोणत्या लक्षणाला खरंच घाबरायचं?

ठाणे_पूर्व_फार्मसिस्ट

ताई, मुंग्या आणि सोड्याची चव यांचं कारण एकच आहे. ही गोळी कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं एन्झाइम काही प्रमाणात रोखते. जिभेवर सोड्याची झणझण याच एन्झाइममुळे कळते, ते मंदावलं की सोडा सपक लागतो. १०० मिग्रॅ डोसवर साधारण निम्म्या रुग्णांना मुंग्या येतात. बहुतेकांच्या सौम्य असतात, येतात-जातात आणि नसांना इजा करत नाहीत. त्यासाठी मनाने बी-१२चे डोस सुरू करू नका. मात्र मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ खरोखर कमी होऊ शकतं, त्यामुळे एकदा रक्तात तपासून घेणं योग्य.

शब्द अडकण्याकडे मी जास्त लक्ष देईन. ते डोस वाढवण्याच्या वेगाशी बांधलेलं असतं. चिठ्ठीवर दर आठवड्याला २५ वाढवायचे आहेत, पण त्रास होत असेल तर त्याच डोसवर दोन आठवडे थांबून मग पुढे जाण्याची मुभा असते. डॉक्टरांना फोन करून विचारा: ‘सकाळ-रात्र २५ वरच आणखी एक आठवडा राहू का?’ औषध सोडून देण्यापेक्षा हा प्रश्न उपयोगाचा. काहींना ५०-७५ वरच पुरेसा फरक पडतो आणि १०० पर्यंत जावं लागत नाही.

डोकं जड, झापड किंवा गोंधळल्यासारखं वाटतंय तोवर स्कूटी नको. पाम बीच रोडच्या वेगात अर्ध्या सेकंदाचा उशीरही भारी पडतो. डोस वाढवल्यावर पहिले तीन-चार दिवस तरी रिक्षा किंवा बस.

गोळी अखंड गिळायची. चघळली किंवा तोडली तर फार कडू लागते. आणि एकदम बंद करायची नाही, ज्यांना कधीच फिट आलेली नाही त्यांनीसुद्धा. उतरवतानाही टप्प्याटप्प्यानेच.

नौपाडा_नेत्र

वरच्या शेवटच्या वाक्याला एक अपवाद आहे, तो घरातल्या सगळ्यांना माहीत हवा.

अचानक दूरचं धूसर दिसू लागणं, डोळ्यांत दुखणं, लाली, दिव्यांभोवती रंगीत वलयं. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. रात्र असेल तर इमर्जन्सीत. बहुतेक वेळा हे पहिल्या महिन्यात घडतं, साधारणपणे दोन्ही डोळ्यांना, आणि चाळिशीच्या आतल्यांनाही. डोळ्याच्या आतल्या थरात पाणी साठून भिंग आणि बुबुळ पुढे ढकललं जातं, डोळ्यातलं पाणी बाहेर पडण्याची वाट, म्हणजे कोन, बंद होतो आणि डोळ्याचा दाब चढतो. चष्मा नसलेल्या माणसाला एका रात्रीत मायनस नंबर लागतो.

घोटाळा असा होतो की रुग्ण समजतो अर्धशिशीच चढली आहे, आणि रिझाट्रिप्टान घेऊन अंधारात पडून राहतो. फरक ओळखायला सोपं: अर्धशिशीच्या रेषा अर्ध्या-पाऊण तासात विरतात आणि नजर पूर्ववत होते. इथे धूसरपणा तासन्‌तास टिकतो. रोज सकाळी एक-एक डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयाची तारीख दारातून वाचायची, दहा सेकंदांचं काम आहे.

तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘टोपिरामेट चालू आहे, इतके दिवस झाले.’ नेहमीच्या कोन बंद होण्याच्या काचबिंदूला जे उपचार करतात त्यातले पायलोकार्पिनचे थेंब आणि लेसरचं छिद्र इथे उपयोगाचे नाहीत. मुख्य उपचार म्हणजे औषध थांबवणं, आणि जोडीला दाब उतरवणारे थेंब. वेळेत थांबवलं तर नजर परत येते.

ऐरोली_न्यूरो_ओपीडी

डोळ्यांचं नीट सांगितलंय. मी राहिलेल्या गोष्टी घेतो, कारण या बहिणीच्या बाबतीत मुंग्यांपेक्षा त्याच जास्त महत्त्वाच्या आहेत.

आधी लग्नाचं. गर्भारपणात ही गोळी घेतली तर बाळाला ओठ-टाळू दुभंगण्याचा आणि वजन कमी भरण्याचा धोका वाढतो, बौद्धिक वाढीवर परिणामाचीही शक्यता आहे. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये ठरवलं की अर्धशिशीसाठी ही गोळी गरोदर स्त्रीला द्यायची नाही, आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला खात्रीच्या गर्भनिरोधनाशिवाय द्यायची नाही. गोळी बंद केल्यावरही किमान ४ आठवडे गर्भनिरोधन चालू ठेवायचं. डिसेंबरची तारीख डॉक्टरांना सांगितली आहे का? नसेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता आत्ताच सांगा. बदलायचं ठरलं तर डोस उतरवायला आठवडे लागतात.

दुसरं, पीसीओडीसाठी पाळीच्या हॉर्मोनच्या गोळ्या कुणी सुचवल्या असतील तर थांबा. डोळ्यांसमोर रेषा येणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून त्या टाळतात. शिवाय टोपिरामेटमुळे, विशेषतः डोस जास्त असेल तर, त्या गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. तांबीवर टोपिरामेटचा परिणाम होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट या दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. एकाकडची चिठ्ठी दुसऱ्याने बघितलेलीच नसते, ही नेहमीची गोष्ट आहे.

तिसरं मेटफॉर्मिन. टोपिरामेट मूत्रावाटे बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार, घालवते आणि रक्त किंचित आम्लधर्मी होतं. मेटफॉर्मिनसोबत हे तपासणं जास्त गरजेचं. दम लागणं, वेगाने श्वास, अन्न नकोसं होणं, कारण नसताना प्रचंड थकवा, अशी लक्षणं दिसली तर लगेच कळवा. लॅबमध्ये नुसतं ‘इलेक्ट्रोलाइट्स’ म्हटलं तर बऱ्याचदा सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. चिठ्ठीवर ‘सीरम बायकार्बोनेट’ आणि मूत्रपिंडाची तपासणी ‘क्रिएटिनिन’ वेगळं लिहून घ्या.

मुतखडा: लघवीतलं खडे रोखणारं सायट्रेट कमी होतं आणि लघवी अल्कधर्मी होते, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. दिवसाला अडीच लिटर पाणी, लघवी फिकट राहील इतकं. निर्जळी उपवास नको, कीटो डाएट तर मुळीच नको. लग्नाआधी वजन उतरवायला हल्ली बरेच जण ते धरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. भूक आणि वजन या गोळीनेच कमी होतं. महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा.

घाम कमी येणं लहान मुलांत जास्त दिसतं, तरी ऑक्टोबरच्या उकाड्यात ट्रान्स हार्बरच्या भरल्या डब्यात इतरांचे कपडे भिजलेत आणि हिचं अंग कोरडं, तापलेलं, चेहरा लाल, असं झालं तर सावलीत थांबा, अंग ओलं करा, ताप मोजा.

मनाचं शेवटी लिहितोय, पण ते सगळ्यांत कमी विचारलं जातं. उदास वाटणं, चिडचिड, मरणाचे विचार हे या गोळीने येऊ शकतात. बहिणीला थेट विचारा. तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास बोलता येतं.

कोपरखैरणे_ताई

तारीख सांगितलेली नाही, उद्याच फोन करते. बायकार्बोनेटही लिहून घेते. घरात आईची जुनी गोळी आहे, एर्गोटामिन आणि कॅफिनवाली. डोकं फारच चढलं की बहीण कधीकधी तीही घेते. चालेल का? आणि एखादी गोळी चुकली तर?

ठाणे_पूर्व_फार्मसिस्ट

नाही, ती गोळी घरातून काढाच. एर्गोटामिन आणि रिझाट्रिप्टान दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात. एक घेतल्यावर २४ तासांच्या आत दुसरी घ्यायची नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर एर्गोटामिन घेतली तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत वेळ येते. आईलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

रिझाट्रिप्टान डोकं दुखायला लागताच घ्यायची, नुसत्या रेषा दिसत असताना नाही. उपयोग झाला आणि पुन्हा चढलं तर किमान २ तासांनी दुसरी, २४ तासांत ३० मिग्रॅच्या वर नाही. छातीत-घशात आवळल्यासारखं वाटणं या औषधांनी होतं आणि बहुतेकदा थोड्या वेळात जातं, पण ते टिकलं, डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर १०८. महिन्यात १० किंवा जास्त दिवस रिझाट्रिप्टान लागली तर गोळीमुळेच डोकं दुखायचं चक्र सुरू होऊ शकतं. आठ-नऊ दिवस म्हणजे ती उंबरठ्यावर आहे, म्हणून प्रत्येक गोळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. टोपिरामेटचा फरक पूर्ण दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर ती मांडणीच डॉक्टरांना कामाची.

टोपिरामेट चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही. आणि या मुंग्या, शब्द अडकणं हे सगळं १८००-१८०-३०२४ वर नोंदवता येतं, औषधांच्या दुष्परिणामांसाठी सरकारची टोल फ्री लाइन आहे. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा, बॅच नंबर विचारतात.