‘पोषका’तून पोषके? होस्ट सेलला मराठीत काय म्हणायचं

सातपुडा_चोपडा : बारावीच्या पोरांसाठी तक्ता करतेय, मथळ्यातच अडकले. जुन्या पुस्तकांत ‘होस्ट’ला, म्हणजे जंतू ज्याच्या शरीरात राहतो त्याला, ‘पोषक’ आणि ‘न्यूट्रिएंट’लाही ‘पोषक’च. वाक्य झालं, ‘रोगजंतू पोषकाच्या पेशीतून पोषके मिळवतात.’ एक पोरगा म्हणतो, “मॅडम, पोषकच पोषक खातो का?” ‘यजमान पेशी’ केलं तर सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचे यजमान पडवीत पेपर वाचत होते. उद्या छापायला द्यायचंय.

तापीकाठ : यजमानच ठेवा. यज् धातू, यज्ञाचा खर्च करणारा. भटजी जेवतो, हा पैसे मोजतो. चपखल आहे.

भुसावळ_जंक्शन : भटजीला आमंत्रण असतं हो. टीबीच्या जंतूला कोणी बोलावलं?

लॅबवाला_धुळे : तसं पाहिलं तर बोलावलेलंच असतं. महाभक्षी पेशी त्याला आपणहून गिळते, पचवायला. तो पचत नाही आणि तिचंच कोलेस्टेरॉल नि मेदाम्लं खात आत राहतो. आमच्या आजीच्या भाषेत, पाव्हना उना नि चुल्हापाशीच बसना.

रावेर_केळी : ‘पोशिंदा’ घ्या ना. पोसतो तो पोशिंदा.

तापीकाठ : शेतकऱ्याचा शब्द जंतूच्या धन्याला? शिवाय तो ‘इंदा’ फारसी वळणाचा वाटतो, बाशिंदासारखा.

रावेर_केळी : मग ‘पेशी’ कुठून आणली तेही सांगा. आमच्याकडे पेशी कोर्टात असते.

नगरदेवळा : उर्दूत पोशीदा म्हणजे लपलेला. जंतू लपतो तो पोशिंदा! (मारू नका.)

लॅबवाला_धुळे : मला नावापेक्षा ‘मिळवतात’ खटकतं. फार सोज्वळ आहे. क्लॅमिडिया नावाचा जंतू पेशीकडून एटीपी (ऊर्जा भरलेला रेणू) घेतो आणि बदल्यात एडीपी (ऊर्जा खर्चलेला) देतो, म्हणजे भरलेली गॅसटाकी घेऊन रिकामी पुढे करतो. लेजिओनेला हा दुसरा जंतू त्याहून वस्ताद. पेशी नको असलेल्या प्रथिनांवर मोडीत काढायची खूण लावते. हा स्वतःचं प्रथिन आत सोडून त्या खुणा वाढवतो, पेशीची यंत्रणाच प्रथिनं मोडते, आणि निघालेली अमिनो आम्लं हा खातो. घरमालकाचीच माणसं लावून घरमालकाचंच घर पाडणं. याला ‘मिळवणं’ म्हणायचं?

भुसावळ_जंक्शन : उकळतात!

रावेर_केळी : लाटतात.

तापीकाठ : विज्ञानात शिवीगाळ नको. ‘प्राप्त करतात’.

नगरदेवळा : प्राप्त तर पदवी करतात. लोहासाठी तर दोघांची ओढाताण असते. शरीर लोह प्रथिनांत बांधून ठेवतं, जंतू ते खेचायला स्वतःचे रेणू सोडतो.

सातपुडा_चोपडा : क्रियापद नंतर बघू. होस्टचं काय?

भुसावळ_जंक्शन : क्लॅमिडिया चालतो तर होस्ट का नाही? ‘होस्ट पेशी’ लिहून मोकळ्या व्हा.

तापीकाठ : मग चुलीलाही किचन म्हणा.

रावेर_केळी : बांडगुळाचं झाड म्हटलं की आमच्या गावात सगळ्यांना कळतं. पण त्या झाडाला वेगळं नाव नाही, आंबा तो आंबाच.

लॅबवाला_धुळे : बांडगूळ हिरवं असतं, अन्न स्वतः करतं. पाणी आणि क्षार तेवढे झाडाचे. खरी फुकटी अमरवेल.

नगरदेवळा : बांडगुळावरून आठवलं, आमच्या आंब्यावर यंदा लई माजलंय. नुसतं ओढून निघतं का?

रावेर_केळी : नाही, मुळं फांदीत असतात. गाठीच्या खालून फांदीच कापा.

सातपुडा_चोपडा : अहो, तक्ता…

नगरदेवळा : किती खालून?

रावेर_केळी : हातभर.