‘कशावरून?’ या प्रश्नाला यंत्राचे उत्तर पुरेसे आहे का?

रात्रपाळी:
मी वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागात सेप्सिसचा, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याचा, धोका आधीच वर्तवणारी एक संगणकप्रणाली आहे. मागच्या महिन्यात एका वृद्ध रुग्णाच्या नावापुढे तिने ‘धोका अधिक’ असे दाखवले. ताप नव्हता, रक्तदाबही ठीक होता, तरी वरिष्ठांनी प्रतिजैविके सुरू केली. रुग्णाच्या मुलीने मला एवढेच विचारले, “कशावरून?” पडद्यावर कारणे म्हणून तीन आडव्या पट्ट्या होत्या: वय, श्वसनाचा वेग, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी). त्या मी वाचून दाखवल्या. पण ते उत्तर होते की उत्तरासारखे दिसणारे काहीतरी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्याचे कारण आपल्यालाच उमगलेले नाही, अशा सल्ल्यावरून उपचार करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

आकडेमोड:
त्या पट्ट्या बहुधा ‘शॅप’सारख्या पद्धतीने काढलेल्या असाव्यात. मॉडेलने, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकलेल्या प्रोग्रामने, दिलेल्या आकड्यात कोणत्या घटकाचा वाटा किती, एवढेच त्या सांगतात. रुग्णाच्या शरीरात काय चालले आहे, हे नाही. हा फरक किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण संगणकशास्त्रज्ञ रिच करुआना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या शोधनिबंधात दिले आहे. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या माहितीवरून मॉडेल असे शिकले की दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी असतो. वास्तविक अशा रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात दाखल केले जाई आणि त्या तातडीच्या उपचारांमुळे ते वाचत. आता कल्पना करा, तिथे पट्टी असती तर तिने ‘दमा: धोका कमी’ असेच दाखवले असते, आणि मॉडेलपुरते ते अगदी खरे ठरले असते! म्हणूनच संगणकशास्त्रज्ञ सिंथिया रुडिन यांचे २०१९ मधील म्हणणे मला पटते: जिथे जिवाचा प्रश्न आहे, तिथे अपारदर्शक मॉडेलला मागाहून स्पष्टीकरण चिकटवण्यापेक्षा मुळातच वाचता येईल असे मॉडेल वापरावे.

क्षकिरण:
मी थोडा असहमत आहे. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ते कसे काम करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. मधली सत्तर वर्षे ते देणारे डॉक्टर अनैतिक होते का? माझ्या कामात प्रोग्राम क्ष-किरणचित्रावर लाल डाग उमटवतो. कुठे पाहिले ते त्यातून कळते, काय पाहिले ते कळत नाही. उलट डाग दिसला की नवशिक्याची शंकाच मावळते. मला स्पष्टीकरणापेक्षा आपल्याच रुग्णांवर घेतलेली कसून चाचणी अधिक मोलाची वाटते.

अनामिका_ती:
ॲस्पिरिनचा दाखला अर्धाच लागू पडतो. गोळी सगळीकडे तीच असते; मॉडेल मात्र रुग्णालय बदलले, नोंदी ठेवण्याची रीत बदलली की वेगळे वागू लागते. शिवाय काही दोष एकेका रुग्णाच्या स्पष्टीकरणात सापडतच नाहीत. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या अमेरिकेतील प्रणालीने ‘आजारपण’ मोजण्यासाठी ‘उपचारांवरचा खर्च’ धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने, तितकेच आजारी असूनही ते कमी गरजू ठरत. वय, खर्च, निदान यांच्या पट्ट्या कितीही पाहिल्या तरी हे दिसले नसते. ‘ही प्रणाली नेमके काय वर्तवायला शिकली आहे?’ असे विचारावे लागले.

रात्रपाळी, त्या मुलीला मॉडेलचे गणित नको होते. आपल्या वडिलांकडे पाहून कोणी विचार केला आणि उपचार चुकले तर जबाबदार कोण, हे तिला हवे होते. ‘संगणकाने इशारा दिला, आम्ही तपासले, हे आढळले, हे आढळले नाही, तरीही या कारणासाठी औषध देत आहोत’, असे सांगता येत नसेल तर मला वाटते तो निर्णय अजून डॉक्टरचा झालेलाच नाही.

रात्रपाळी:
आभारी आहे. आमची प्रणाली ‘सेप्सिस’ नेमके कशाला म्हणायला शिकली, हे आज विभागात विचारले. रक्तकल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या चाचणीच्या) अहवालाला, की डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिल्याच्या नोंदीला? कोणालाच सांगता आले नाही. दुसरे असेल, तर ती आमच्याच सवयी आम्हाला परत वाचून दाखवत आहे. पुरवठादाराला लेखी विचारणा केली आहे.